मास्तरांची दोन इंच माणुसकी

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानातला आरसा मुद्दाम अरुंद घेतलेला होता. उंचीला पुरुषभर, रुंदीला जेमतेम दीड वीत. समोर उभं राहिलं की नाक दिसायचं, शर्टाची बटणं दिसायची, बुटांची टोकं दिसायची. दोन्ही बाजूंना जे काही उरायचं ते आरशाबाहेर, भिंतीच्या वाट्याला. "मास्तर, आरसा जरा मोठा घ्या की," असं कोणी म्हटलं, तर मास्तर टेप गळ्यात अडकवत सांगायचे, "आरसा वाढवला की गिऱ्हाईक घटतं, साहेब."

आरसा तरी बरा म्हणायचा, कारण तो नुसता गप्प बसायचा. मास्तर मात्र तोंडाने बोलायचे. पँटचं माप घेताना ते टेप कंबरेभोवती फिरवायचे, मान मागे टाकायचे आणि दुकानाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "कंबर छत्तीस!" गिऱ्हाईक सुखावायचं. इकडे तिकडे बघायचं, कोणी ऐकलं की नाही म्हणून. आणि आतल्या टेबलापाशी कापडावर वाकलेल्या मास्तरीणबाई खडूने अडतीस आखायच्या. दोन इंच कमी बोलायचं, दोन इंच जास्त कापायचं. हे त्या दोघांनी कधी ठरवलं नव्हतं, कधी त्यावर चर्चाही केली नव्हती. दुकान नवं असताना एका शाळेच्या हेडमास्तरांना मास्तरांनी भर दुपारी खणखणीत आवाजात "बेचाळीस" असं सांगितलं होतं. हेडमास्तरांनी कापड उचललं, काखेत मारलं, आणि त्यानंतर आयुष्यभर ते समोरच्या फुटपाथवरून जात राहिले. मास्तर जे शिकायचं ते त्याच दिवशी शिकले. पोटात एक आणि ओठात एक ठेवणाऱ्याला लोक नावं ठेवतात. पण पोट गिऱ्हाइकाचं असेल आणि ओठ शिंप्याचे असतील, तर त्याला धंदा म्हणतात.

त्यामुळे आमच्या गल्लीत आपल्या मालकाशी खरं बोलणारी एकही पँट नव्हती. सगळे छत्तीस, फार तर सदतीस. मास्तर म्हणजे गल्लीभरच्या कंबरांचे कबुलीजबाब ऐकणारा माणूस, आणि माफीही तोच देणार.

स्वतःच्या बाबतीत तर त्यांनी सवलत दुप्पट ठेवली होती. वर्षातून एकदा नवी पँट शिवायची वेळ आली की ते आरशासमोर उभे राहून स्वतःभोवती टेप घ्यायचे, पोट आत ओढायचे आणि पुकारायचे, "छत्तीस!" बाई खाली मान घालून चाळीस आखायच्या. शिवणीत आतून भरपूर माया ठेवायच्या, म्हणजे वर्षाच्या मध्यावर उसवून सैल करता येईल.

"बघ," मास्तर म्हणायचे, "लग्नात छत्तीस, आजही छत्तीस. याला शिस्त म्हणतात."

"हो, शिस्तच," बाई म्हणायच्या. "कापडाची."

मास्तर स्वतःवर हसण्यात गल्लीत पहिले. "देवाने मला शिवायला घेतलं तेव्हा कापड जास्त निघालं," ते सांगायचे. "उरलेलं फेकायचं जिवावर आलं, म्हणून सगळं पुढच्या बाजूला लावून टाकलं. आणि इस्त्री करायची राहिलीच." लोक हसायचे, मास्तरही हसायचे. माणूस स्वतःला आधीच हसून घेतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला काही विचारायची वेळच येत नाही.

विचारण्यासारखं मात्र बरंच काही साचत चाललं होतं.

सुरुवात सुईपासून झाली. दोरा ओवताना सुईचं नेढं दिसेना. कधी एकाची दोन नेढी दिसायची, कधी नेढ्याच्या जागी नुसतं धुकं. मास्तरांनी आधी सुयांना दोष दिला: हल्ली भोकं बारीक पाडतात. मग दोऱ्याला: पीळ सैल असतो. मग दिव्याला. दिवा बदलला, चष्मा बदलला. चष्म्याची गंमत अशी की सोमवारी बरा वाटायचा आणि गुरुवारी दुसऱ्याच माणसाचा वाटायचा. शेवटी एके दिवशी सकाळी मास्तर दुकानात येऊन बघतात तो, मशीनशेजारच्या टाचण्यांच्या छोट्या गादीवर दोरा ओवलेल्या सुया ओळीने टोचून ठेवलेल्या. काळा दोरा, पांढरा दोरा, करडा, खाकी. बाईंनी काही म्हटलं नाही. मास्तरांनीही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती रांग तयार असायची, आणि संध्याकाळी रिकामी व्हायची.

शिंप्याला सुई दिसत नाही, ही गोष्ट बाहेर गेली तर काय होईल, ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. आंधळ्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसतं? रात्री अंथरुणावर पडल्यावर हाच विचार छातीवर येऊन बसायचा. सकाळी मात्र ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "माझी नजर आता मोठी झालीय. बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देत नाही."

दुसरी गोष्ट तहानेची. मशीनखाली पायाशी पाण्याची मोठी बाटली आली, मग तिला जोडीदारीण आली. जेवढं पाणी आत, तेवढ्या फेऱ्या बाहेर. दुकानामागच्या संडासाचं दार एवढ्या वेळा वाजायचं, की शेजारच्या बेकरीत बसलेली माणसं म्हणायची, "मास्तरांची शिफ्ट बदलली."

आजार माहीत होता असं म्हणणं खोटं ठरेल, आणि अजिबात माहीत नव्हता असं म्हणणं त्याहून मोठं खोटं. मास्तरांच्या मनाने त्या गोष्टीचं माप घेतलं होतं आणि सवयीप्रमाणे दोन इंच कमी सांगितलं होतं.

अशात आरोग्य केंद्रातल्या सिस्टर दुकानात आल्या. अंगाने चिपाडासारख्या बारीक, पण चाल अशी की त्या दुकानात शिरल्यावर त्यांची सावली मागून धावत यायची. खांद्यावरची पिशवी त्यांनी थेट कापणीच्या टेबलावर ठेवली.

"मास्तर, सरकारला तुमची मदत हवीय."

"कर भरलाय मी, सिस्टर."

"कर नकोय. कंबरा हव्यात."

मास्तरांनी आपसूक शर्ट खाली ओढला.

सिस्टरनी समजावून सांगितलं. सरकारने मधुमेहाविरुद्ध मोहीम काढली आहे. पोटाचा घेर हद्दीबाहेर गेला की साखरेचा आजार दबा धरून बसलेला असण्याची शक्यता वाढते; आणि तो लवकर पकडला तर माणूस आटोक्यात ठेवू शकतो. "पण आमच्याकडे लोक येतात कधी? पायाची जखम महिनाभर भरली नाही की. डोळ्यांपुढे अंधार आला की. धडधाकट माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. तुमच्याकडे मात्र तो आपल्या पायाने येतो, दोन्ही हात वर करतो आणि गप उभा राहतो! माझ्यापुढे कोणी असा उभा राहिलेला मी नोकरीत पाहिला नाही."

कल्पना खरोखर झकास होती. शहरातल्या सगळ्या शिंप्यांना सरकारी टेप मिळणार, एका बाजूने पुरुषांची, दुसऱ्या बाजूने बायकांची. हद्दीपर्यंत हिरवी, पुढे लाल. पुरुषाला नव्वद सेंटिमीटर, बाईला ऐंशी. कपड्याचं माप घेता घेता हेही माप घ्यायचं. हिरव्यात आला त्याला हिरवं कार्ड, लालात गेला त्याला लाल. लाल कार्डवाल्याची साखर केंद्रात फुकट तपासायची. आणि शिंप्याला छातीवर लावायला बिल्ला: 'कंबरमित्र'.

"घरातल्या कंबरेशी आधी मैत्री करा म्हणावं," आतून आवाज आला.

"सिस्टर, तुम्ही हिच्याकडे लक्ष देऊ नका," मास्तर म्हणाले. बिल्ला त्यांना फार आवडला होता.

या कामासाठी एका सकाळी आरोग्य केंद्राच्या सभागृहात प्रशिक्षण झालं. मास्तर सोयीसाठी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. सिस्टरनी फळ्यावर माणूस काढला, माणसाला पोट काढलं, आणि आता मुख्य मुद्दा म्हणून हातात टेप घेतली, तेव्हा मास्तरांना बाहेर जावं लागलं. परत येऊन बसले, बाटलीतलं पाणी प्यायले, पुन्हा जावं लागलं. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा फळा पुसलेला होता आणि चहाबरोबर बिस्किटं वाटली जात होती. शेजारच्या शिंप्याला विचारावं असं क्षणभर वाटलं. पण उभं आयुष्य माप घेण्यात गेलेल्या माणसाने, माप कुठून घ्यायचं, हे विचारायचं? मास्तरांनी दोन बिस्किटं घेतली आणि बिल्ला सरळ केला.

मोहीम धडाक्यात सुरू झाली. दुकानासमोरच्या भिंतीवर सरकारी पेंटरने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कंबर मोजा, निर्धास्त व्हा'. आणि आम्ही निर्धास्त होण्यासाठी मास्तरांच्या दुकानाबाहेर रांग लावली.

आता पँटचं माप कुठून घेतात? पँट जिथे थांबते तिथून. आणि सुटलेल्या पोटाच्या माणसाची पँट थांबते पोटाच्या खाली, उतारावरून गाडी खाली येऊन सपाटीवर थांबते तशी. मास्तरांनी तिथूनच टेप फिरवली. वर त्यांचा तो ठरलेला आदर: "श्वास आत घ्या, साहेब." टेप जरा करकचून ओढायची. पोटवाल्या माणसाला आपल्या पोटाखालची टेप दिसत नाही, ही निसर्गाची दयाच. तरीही रंग हद्दीवर घुटमळला तर मास्तरांचा अंगठा त्यावर यायचा. हिरवं! हिरवं! हिरवं! त्यांच्या हातून लाल निघेचना. सगळ्या लाल कार्डांचा गठ्ठा रबर लावलेला तसाच खणात पडून होता.

सगळ्यात जास्त खूश झाला बेकरीवाला. त्याला सगळे भट्टीशेठ म्हणतात. स्वभावाने लोण्यासारखा आणि आकाराने भट्टीसारखा. त्याने आपलं हिरवं कार्ड चौकटीत बसवून गल्ल्याच्या मागे, केकच्या कपाटावर टांगलं. कोणी विचारलं, "शेठ, मैद्याने पोट सुटतं का हो?" की तो मागे न बघता अंगठा करायचा. "सरकारी कागद आहे. वाचा आणि मग बोला." त्या महिन्यात बेकरीचा खप वाढला, हे आम्ही सगळे जाणतो, कारण तो आम्हीच वाढवला. हिरवं कार्ड खिशात असलं की क्रीम रोलला वेगळीच चव येते.

एक दिवस सिस्टर बेकरीत ब्रेड घ्यायला आल्या आणि चौकटीकडे बघत उभ्या राहिल्या. मग भट्टीशेठकडे बघितलं. मग पुन्हा चौकटीकडे.

"शेठ, हे कोणाचं कार्ड?"

"आपलंच की, सिस्टर."

"जरा बाहेर या. शर्ट वर करा. बेंबी कुठे आहे तुमची?"

"असेल की इथेच कुठेतरी," शेठ चाचपत म्हणाला.

सिस्टरनी बेंबी शोधली, तिच्या रेषेत टेप फिरवली आणि श्वास सोडायला लावला. टेप हिरव्यातून बाहेर पडली, लालात शिरली, लाल संपायच्या बेतात आली, तेव्हा कुठे दोन्ही टोकांची गाठ पडली. सिस्टरनी ब्रेड तिथेच टाकला आणि त्या शेजारच्या दुकानात शिरल्या.

"मास्तर! तुमच्या गल्लीत एकही लाल नाही म्हणून आरोग्य खात्याचे मोठे साहेब खूश आहेत! 'निरोगी गल्ली' म्हणून सत्कार करायला स्वतः येतायत. कंबर कुठून मोजता तुम्ही?"

"जिथे पँट थांबते तिथून."

"ती पोटाखाली थांबते, कारण वर तिला कोणी थांबू देत नाही! बेंबीच्या रेषेत मोजायचं, श्वास सोडून. फळ्यावर काढून दाखवलं होतं मी! तुम्ही होतात कुठे?"

मास्तर खाली बघून म्हणाले, "जरा बाहेर गेलो होतो."

"दाखवायला अर्धा तास लागला मला. अर्धा तास बाहेर?"

"एकदाच नाही गेले," मास्तरीणबाई टेबलामागून म्हणाल्या. हातातला खडू त्यांनी खाली ठेवला होता. "यांच्या फेऱ्या मोजायच्या असतात, सिस्टर. वेळ नाही."

"अगं, तू गप बस ना!"

 सिस्टरांची नजर मशीनखाली गेली. दोन बाटल्या, एक रिकामी, एक अर्धी. मग मशीनशेजारी, गादीवर. काळा, पांढरा, करडा, खाकी.

"या सुया कोण ओवून ठेवतं?"

मास्तरांनी गादी हळूच मशीनमागे सरकवली.

"हिला हौस आहे," मास्तर म्हणाले.

सिस्टर स्टुलावर बसल्या. राग कुठल्या कुठे गेला होता, आणि तो गेलेला बघूनच मास्तर पहिल्यांदा घाबरले. रागावलेल्या माणसाशी थट्टा करता येते; शांत बसलेल्या नर्सशी काय बोलणार?

"आता पहिलं माप तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "टेप वहिनी धरतील."

"अहो, गिऱ्हाईक येईल एवढ्यात."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "आरशात तुम्ही मावत नाहीच, बाहेरून येणाऱ्याला कळणारही नाही. शर्ट वर करा."

मास्तरांनी शर्ट वर केला आणि श्वास आत ओढला. उभ्या आयुष्याची सवय.

"सोडा श्वास," सिस्टर म्हणाल्या.

"सोडला."

"अजून आहे आत."

"तो राखीव आहे."

"अहो, सोडा म्हणते ना!" बाईंचा आवाज चिरकला. मास्तरांनी श्वास सोडला. पोट आपल्या खऱ्या जागी आलं. बाईंनी टेपची टोकं जुळवली, आणि संसारात पहिल्यांदा खरा आकडा तोंडाने उच्चारला.

"बेचाळीस."

"टेप आखडलीय," मास्तर म्हणाले. पण आवाज काही दुकानाबाहेर जाण्याएवढा नव्हता.

मग सिस्टरनी पिशवीतून छोटं यंत्र काढलं आणि मास्तरांचं बोट धरलं. आता गंमत बघा. ज्या माणसाच्या बोटातून एकदा मशीनची सुई आरपार गेली होती आणि त्याने "चला, आता बोटालाही काज झालं" म्हणून लोकांना हसवलं होतं, त्याची पाचावर धारण बसली. कपाळावर घाम, डोळे मिटलेले.

"शिंपी असून सुईला घाबरता?"

"ती चुकून टोचते हो. ही मुद्दाम टोचतेय."

थेंब पट्टीवर गेला. यंत्राने जरा वेळ विचार केला आणि आकडा दाखवला: तीनशे बारा. तो चांगला की वाईट हे मास्तरांना कळायला हवं होतं असं काही नाही. सिस्टरांच्या चेहऱ्यावर तो भाषांतर होऊन आला होता.

"दोन कमी सांगितले तरी चालेल," मास्तर म्हणाले.

कोणी हसलं नाही. स्वतःच्या विनोदावर मास्तरही हसले नाहीत. मग त्यांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "डोळे जातात का हो यात? सोमवारी बरं दिसतं, गुरुवारी नुसतं धुकं."

सिस्टरनी उगाच धीर दिला नाही, म्हणून तर तो मास्तरांना मिळाला. "दुर्लक्ष केलं तर जातातही. पण सोमवारी बरं दिसतं आणि गुरुवारी दिसत नाही म्हणता ना? ते साखरेचं धुकं असू शकतं. साखर उतरली की उतरतं. उद्या उपाशीपोटी केंद्रात या, रक्त पुन्हा नीट तपासू. डॉक्टर डोळ्यांचा पडदाही बघतील. उशीर झाला नसेल, तर—" त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मास्तरांना त्या सोडलेल्या वाक्याने त्या रात्री झोप लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी रक्ताने तेच सांगितलं. डोळ्यांत थेंब घालून डॉक्टरांनी बराच वेळ आत बघितलं.  पडदा शाबूत होता. "अजून," डॉक्टर म्हणाले. हे 'अजून' मास्तरांनी खिशात घालून घरी आणलं.

गोळ्या सुरू झाल्या. चहातली साखर गेली. पहिला बिनसाखरेचा चहा पिऊन मास्तर म्हणाले, "हा चहा नाही, चहाचा तेरावा— जाऊ दे." बाईंनी स्वतःच्या कपातही साखर घालणं बंद केलं, आणि त्यांचं तोंड मास्तरांपेक्षा जास्त वाकडं झालं. पहाटे दोघं चालायला निघू लागले. ते एक बघण्यासारखं दृश्य असायचं: पुढे बाई झपझप, मागे मास्तर, आणि मास्तरांच्या पुढे मास्तरांचं पोट. "आम्ही तिघं चालतो," ते भेटेल त्याला सांगायचे. "त्यातल्या एकाला घरी सोडून यायचा प्रयत्न चालू आहे."

पण त्याआधी एक काम त्यांनी केलं, आणि ते आम्हाला मुळीच आवडलं नाही. खणातला लाल कार्डांचा गठ्ठा काढून, रबर तोडून, सरकारी टेप घेऊन मास्तर घरोघर फिरले. दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "माझ्या हातून चुकलं. हिरवं कार्ड परत द्या. आणि शर्ट वर करा."

"मास्तर, मागच्या महिन्यात तर मी हिरव्यात होतो!"

"मागच्या महिन्यात मी सभ्य होतो."

एका आठवड्यात गल्लीतल्या झाडून सगळ्या कंबरा चार-चार इंच वाढल्या. अशी साथ कोणी पाहिली नसेल. कोणी दार लावून घेतलं, कोणी शिवायला दिलेलं कापड परत मागवलं. आमच्यातला एक जण तर (नाव कशाला हवं, तो हे वाक्य लिहिताना पोट आत ओढून बसला आहे) मास्तरांना म्हणाला की मी जेवून उठलोय, उद्या या. मास्तर दुसऱ्या दिवशी जेवणाआधी आले.

भट्टीशेठने तर चौकट द्यायला साफ नकार दिला. "काच माझी, लाकूड माझं!"

"चौकट ठेव," मास्तर म्हणाले. "आत लाल घाल. आणि शेठ, हे बघ." त्यांनी खिशातून सुई आणि दोरा काढला, आणि बेकरीच्या लख्ख उजेडात, सगळ्यांसमोर, ओवायचा प्रयत्न केला. एकदा. पुन्हा. दोरा नेढ्याच्या कडेला आपटून वाकत होता. गिऱ्हाइकं बघत राहिली. गल्लीपासून लपवायची एकच गोष्ट मास्तरांकडे होती. ती त्यांनी अशी ब्रेडच्या ट्रेवर मांडून ठेवली. "मलाही कोणी तरी हिरवंच सांगत होतं," ते म्हणाले. "मीच."

भट्टीशेठ दुसऱ्या दिवशी केंद्रात गेला. त्याच्या मागे, त्याच्या आडोशाने, बाकीचे गेले. शेठची साखर काठावर निघाली. "दुधाच्या पातेल्यासारखी," सिस्टर म्हणाल्या, "वर आलीय, उतू गेली नाही. आत्ताच आच कमी करा." आणखी काही जणांची सापडली, जी सापडली नसती तर मुकाट वाढत राहिली असती. काही जणांची काहीच निघाली नाही. त्यांनी मास्तरांना सगळ्यात जास्त शिव्या दिल्या.

गल्लीचा 'निरोगी' म्हणून सत्कार अर्थातच बारगळला. पण पाऊणएक वर्षाने मोठे साहेब आलेच, वेगळ्या कारणाने: सगळ्या शहरात तपासणीला सगळ्यात जास्त माणसं या गल्लीतून गेली होती. कंबरमित्राला प्रमाणपत्र द्यायचं ठरलं.

समारंभासाठी नवी पँट हवी होती. जुन्या सगळ्या आता कोणा दुसऱ्याच्या वाटत होत्या. दुकानात मास्तरीणबाईंनी मास्तरांभोवती टेप फिरवली. खडू या वेळी मास्तरांच्या हातात होता. आपली पँट आपण कापायची, असा त्यांचा हट्ट.

"सदतीस," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बिचारी. एवढे महिने बिनसाखरेचा चहा प्यायली, पहाटे चालली; आता नवऱ्याला बरं वाटावं म्हणून दोन इंच कमी सांगतेय. त्यांनी काही न बोलता एकोणचाळीस आखले आणि कापड कापलं.

आरोग्य केंद्राच्या सभागृहात साहेबांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. ते ऐटीत चालत गेले. साहेबांनी काचेची मोठी चौकट पुढे केली. मास्तरांनी ती घ्यायला दोन्ही हात पुढे केले, आणि पँटने ओळखलं की आता आपल्याला धरणारं कोणी नाही. आजवर तिला पोटाचा आधार असायचा. मास्तरांनी पट्टा असा कधी बाळगलाच नव्हता. पँट निघाली. मास्तरांनी एका कोपराने चौकट छातीशी दाबली, दुसऱ्या हाताने कंबर पकडली आणि ते कमरेत पार वाकले. हा केवढा नम्र माणूस, असं वाटून साहेबही वाकले. मास्तर सरळ होईनात, म्हणून साहेबही होईनात. फोटो तसाच आहे. भट्टीशेठने तो मागून घेतला आणि लाल कार्डाच्या शेजारी लावला.

मास्तर तसेच, कंबर मुठीत धरून, सभागृहामागच्या खोलीत गेले. मागोमाग बाई आल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"किती आखले होतेत?"

"एकोणचाळीस."

"आणि मी किती म्हणाले होते?"

"मला वाटलं, तू आपली प्रेमाने..."

"तुमच्यावर प्रेम करायला मला टेप लागत नाही! काढा ती पँट. तो टॉवेल गुंडाळा."

मास्तरांनी टॉवेल गुंडाळला आणि ते तपासणीच्या बाकावर बसले. बाईंनी पर्समधून सुई आणि करड्या दोऱ्याचं रीळ काढलं, दाताने दोरा तोडला, आणि सवयीने सुई उजेडाकडे धरली. मास्तरांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. खिडकीकडे तोंड केलं.

दोरा पहिल्या झटक्यात पार गेला.

  सुई पुन्हा एकदा उजेडात धरून मास्तरांनी ते इवलंसं भोक बघून घेतलं, एकच होतं. मग पँट उलटी करून मांडीवर घेतली आणि शिवण चिमटीत धरली.

"किती आत घेऊ?"

"मी सांगितलं होतं तेवढं करा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "सदतीस म्हणजे सदतीस."